मल्टिकोअर फायबरचा कनेक्टर डिझाइन करताना: फायबर वाचण्यापासून मोजणीपर्यंत

साध्या सिंगल-मोड फायबरला कोअर (प्रकाश वाहून नेणारा गाभा) एकच, आणि तोही बरोबर मध्यावर. असा फायबर फेरूलमध्ये (कनेक्टरमधल्या, फायबर धरणाऱ्या बारीक नळीत) थोडा इकडे फिरला काय नि तिकडे फिरला काय, प्रकाशाला फरक पडत नाही. मल्टिकोअर फायबरमध्ये ही सोय राहत नाही. १२५ मायक्रॉनच्या तेवढ्याच काचेत चार कोअर मध्यापासून दूर बसवलेले असतात. फायबर स्वतःभोवती दोन अंश जरी फिरला, तरी चारही कोअर समोरच्या कोअरवरून सरकतात.

माझं पहिलं डिझाइन इथेच अडकलं. एससी या प्रचलित प्रकारच्या कनेक्टरचे तयार भाग घेतले, फायबर मायक्रोस्कोपखाली नीट फिरवून चिकटवला, पॉलिश केला. जोडणीतला लॉस (वाया जाणारा प्रकाश) मोजायला बसलो तर प्रत्येक वेळी वेगळा आकडा. एकदा ०.१ डेसिबल, काढून पुन्हा लावला की ०.६. फायबर फेरूलमध्ये पक्का होता, पण फेरूलच कनेक्टरच्या आत फिरत होतं. हे लक्षात यायला मला काही महिने लागले. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

उदाहरणासाठी चार कोअरचा फायबर धरू: क्लॅडिंग (कोअरभोवतीची काच) १२५ मायक्रॉन, कोअर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, शेजारच्या दोन कोअरमधलं अंतर ४० मायक्रॉन. कनेक्टर एका फायबरचा, २.५ मिलिमीटर फेरूलचा.

सुरुवातीलाच हाताशी हवं ते

- फायबरची डेटाशीट: कोअरमधलं अंतर, क्लॅडिंगचा व्यास, मोड फील्ड व्यास (कोअरमधला प्रकाश प्रत्यक्षात जेवढा पसरतो तो व्यास), मार्करची (कोअर ओळखण्यासाठीच्या खुणेची) जागा, आणि या प्रत्येकाचा टॉलरन्स (किती कमी-जास्त चालतं ते). नुसत्या सरासरी आकड्यांवर डिझाइन होत नाही.
- झिरकोनियाची फेरूलं, छिद्राच्या व्यासानुसार वेगवेगळी केलेली (१२५.०, १२५.५, १२६.० मायक्रॉन)
- फायबरचं टोक समोरून दाखवणारा कॅमेरा-मायक्रोस्कोप आणि बारीक फिरवता येणारा स्टेज
- फॅन-इन आणि फॅन-आउट (मल्टिकोअर फायबरचा प्रत्येक कोअर वेगळ्या साध्या फायबरला जोडणारे भाग), प्रत्येकी एक. यांच्याशिवाय एकेका कोअरमध्ये वेगळा प्रकाश सोडता येत नाही आणि वेगळा काढताही येत नाही.
- १३१० आणि १५५० नॅनोमीटरचे स्रोत, पॉवर मीटर, रिटर्न लॉस (जोडणीवरून किती प्रकाश परत फिरतो ते) मोजायची सोय
- पॉलिशिंग मशीन आणि टोकाचा आकार मोजणारा इंटरफेरोमीटर
- आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मानकं: एससीच्या मापांसाठी ६१७५४-४, कोणताही प्लग कोणत्याही प्लगशी जोडून लॉस मोजण्यासाठी ६१३००-३-३४, टोकाच्या तपासणीसाठी ६१३००-३-३५

१. आधी फायबर वाचायला शिका

टोक मायक्रोस्कोपखाली धरा आणि दुसऱ्या टोकाने प्रकाश सोडा. चार उजळ ठिपके दिसतील, मार्कर मात्र बहुधा दिसणार नाही. मार्करचा अपवर्तनांक क्लॅडिंगपेक्षा कमी असेल, तर क्लॅडिंग उजळल्याशिवाय तो उठून दिसत नाही. दुसऱ्या टोकाच्या फक्त कोअरमध्ये प्रकाश न सोडता तो पूर्ण टोकावर पसरू द्या. मग एका कोअरच्या शेजारी काळसर ठिपका दिसेल. तोच मार्कर, आणि सगळी मोजदाद त्याच्यापासून सुरू होते.

मार्कर न पाहता फायबर बसवलात तर एक अवघड चूक होते. चार कोअरची मांडणी चौकोनी असल्याने फायबर बरोबर ९० अंश फिरलेला असला तरी कोअर कोअरसमोरच येतात. लॉस उत्तम, रिटर्न लॉस उत्तम, आणि पहिल्या कोअरचा सिग्नल दुसऱ्यातून बाहेर. लॉसच्या आकड्यावर विसंबून राहिलात तर ही चूक कधीच सापडणार नाही.

दुसरी गोष्ट टोकांची. एका टोकाकडून पाहिलं की मार्करपासून १-२-३-४ घड्याळाच्या दिशेने जातात, आणि त्याच फायबरच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलं की उलट दिशेने. म्हणून प्रत्येक कॉर्डला (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या केबलला) एक ‘अ’ टोक आणि एक ‘ब’ टोक असतं, आणि जोडणी नेहमी ‘अ’ला ‘ब’ अशीच व्हायला हवी. ‘अ’ला ‘अ’ जोडलं, तर डावी बाजू उजवीसमोर येते: १ आणि २ यांची अदलाबदल, ३ आणि ४ यांचीही. त्यामुळे डिझाइनमध्ये दोन्ही टोकांचे बूट (कनेक्टरमागची केबलभोवतीची आवरणं) वेगळ्या रंगांचे ठेवा. हे काम शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, कारण तोवर निम्म्या कॉर्ड उलट्या बनलेल्या असतात.

२. चुकांचं बजेट मांडा

एकही भाग काढण्याआधी हे गणित कागदावर करा. बाजूला सरकल्याने होणारा लॉस डेसिबलमध्ये असा निघतो: ४.३४ गुणिले (सरकलेलं अंतर भागिले मोड फील्ड त्रिज्या) यांचा वर्ग. १३१० नॅनोमीटरला मोड फील्ड व्यास ९.२ मायक्रॉन धरला तर त्रिज्या ४.६ येते. मग १ मायक्रॉन सरकण्याला सुमारे ०.२ डेसिबल, आणि २ मायक्रॉनला ०.८. चूक दुप्पट झाली की लॉस चौपट होतो, हे प्रमाण डोक्यात पक्कं असू द्या.

आता फिरण्याकडे वळू. ४० मायक्रॉनच्या चौकोनात प्रत्येक कोअर मध्यापासून २८.३ मायक्रॉनवर असतो. १ अंश फिरण्याने तो सुमारे ०.५ मायक्रॉन सरकतो आणि लॉस ०.०५ डेसिबल होतो. २ अंशाला जवळजवळ १ मायक्रॉन, म्हणजे ०.२ डेसिबल. ३ अंशाला ०.४५. सात कोअरच्या फायबरमध्ये बाहेरचे कोअर ४० मायक्रॉनवर असतील, तर तिथे २ अंशालाच ०.४ डेसिबल जातात.

इथे बहुतेक जण दोन्ही लॉस वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करतात. तसं करू नका. आधी सरकणं दिशेसकट जोडा आणि मग वर्ग करा. समजा दोन फायबर एकमेकांपासून ०.६ मायक्रॉन बाजूला आहेत आणि १.५ अंश फिरलेले आहेत. फिरण्यामुळे ०.७४ मायक्रॉन येतात. एखाद्या कोअरवर ही दोन्ही सरकणी एकाच दिशेने आली, तर १.३४ मायक्रॉन होऊन लॉस ०.३७ डेसिबल होतो. वेगवेगळे लॉस जोडले असते तर ०.१९ आला असता. ग्राहकाला मात्र चारांतला सगळ्यात वाईट कोअर दिसतो, तुमची सरासरी दिसत नाही.

कोअरमधल्या अंतराचा फरकही बजेटमध्ये धरा. एका फायबरमध्ये ४० आणि दुसऱ्यात ४१ मायक्रॉन असतील, तर प्रत्येक कोअर ०.७ मायक्रॉन बाहेर किंवा आत सरकलेला राहतो. तो फरक कितीही फिरवून जुळत नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे फायबर जोडायचे असतील तर हे आधीच विचारून घ्या.

३. फेरूल तरंगू द्या, फिरू देऊ नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

चांगल्या कनेक्टरमध्ये फेरूल घट्ट बसवलेलं नसतं. जोडणी झाली की समोरचं फेरूल त्याला मागे ढकलतं, स्प्रिंग दबते, फ्लॅंज (फेरूलच्या मागची रुंद कडा) आपल्या बैठकीवरून उचलली जाते आणि फेरूल मोकळं होतं. त्यानंतर दोन्ही फेरूलांना स्प्लिट स्लीव्ह (लांबीत चीर असलेली नळी) एका रेषेत धरते. बाहेरून केबल ओढली गेली किंवा कनेक्टर थोडा वाकला, तरी आतल्या काचेच्या जोडाला ते कळत नाही. हे तरंगणं काढून टाकलंत, तर केबलला हात लागताच लॉस उड्या मारतो.

पण तरंगणाऱ्या फेरूलला साध्या कनेक्टरमध्ये फिरायलाही मोकळीक असते. फ्लॅंजच्या खाचेत ५० मायक्रॉनची सैल जागा आणि ती मध्यापासून २.५ मिलिमीटरवर असेल, तर ती एका कनेक्टरमागे १.१ अंशाहून जास्त होते. जोडणीत असे दोन कनेक्टर असतात.

यावर उत्तर म्हणजे ओल्डहॅम कपलिंग. जॉन ओल्डहॅम यांनी १८२१ मध्ये आयर्लंडमध्ये वाफेच्या बोटीसाठी ही युक्ती काढली होती: एका रेषेत नसलेले दोन समांतर दांडे एकमेकांना अचूक फिरवू शकावेत म्हणून मध्ये एक सरकती चकती. चकतीच्या एका तोंडावर आडवी जीभ आणि दुसऱ्या तोंडावर उभी. जपानमधल्या संशोधकांनी एमयू या छोट्या प्रकारच्या मल्टिकोअर कनेक्टरसाठी हीच कल्पना वापरली. आपल्याकडे चकतीच्या जागी एक छोटी कडी असते. ती फ्लॅंजच्या खाचेत डावी-उजवीकडे सरकते आणि बाहेरच्या फ्रेमच्या खाचेत वर-खाली. दोन्ही मिळून फेरूलला चारही दिशांना सरकता येतं, पण फिरायचं म्हटलं की जिभा खाचांच्या भिंतींना अडतात.

कडी काढताना लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- फिरणं जिथे त्रिज्या मोठी असेल तिथे अडवा. २० मायक्रॉनची सैल जागा १ मिलिमीटरवर १.१५ अंश देते, २ मिलिमीटरवर त्याच्या निम्मे.
- जीभ आणि खाच यांच्या बाजू समांतर आणि गुळगुळीत हव्यात. कडी अडकली तर तरंगणं बंद पडतं, आणि हा दोष कधी दिसतो, कधी नाही.
- दोन प्लग समोरासमोर धरणाऱ्या अडॅप्टरमधली कीची (प्लग एकाच बाजूने बसू देणाऱ्या उंचवट्याची) जागा विसरू नका. कनेक्टर कितीही अचूक केला तरी तो अडॅप्टरमध्ये सैल बसला तर पूर्ण प्लगच फिरतो. अडॅप्टर तुमच्या डिझाइनचाच भाग आहे.
- कॉइल स्प्रिंग दबताना तिचं टोक थोडं वळतं आणि फेरूलला तसाच पीळ देतं. स्प्रिंग आणि फेरूल यांच्यामध्ये गुळगुळीत वॉशर ठेवला तर हा पीळ बराच कमी होतो.

आणि तपासणीतला फसवा भाग. सुटा कनेक्टर हातात धरून फेरूल फिरवून पाहिलं, तर ते अजिबात हलत नाही, कारण स्प्रिंगने फ्लॅंज बैठकीवर दाबून धरलेली असते. मी कित्येक दिवस असंच तपासत होतो आणि समाधानी होतो. जोडणीच्या वेळी ते किती फिरतं हे पाहायचं असेल, तर फेरूल जोडणीत जातं तेवढंच मागे ढकलून धरणारा जिग बनवा आणि त्या स्थितीत कोन मोजा. हा जिग अडॅप्टरच्या आधी बनवा.

४. फायबर फेरूलमध्ये बसवणं

आधी छिद्राची निवड. फायबर १२४.८ आणि छिद्र १२६ मायक्रॉन असेल, तर फायबर मध्यापासून ०.६ मायक्रॉन बाजूला बसू शकतो. समोरच्या कनेक्टरमध्ये तो नेमका उलट्या बाजूला बसला, तर एकूण १.२. म्हणजे बजेट इथेच संपलं. त्यामुळे प्रत्येक रीळाचा व्यास मोजून त्याला जुळणारं छिद्र निवडा.

घट्ट छिद्राची मात्र स्वतःची अडचण आहे. फायबर मागून फिरवला की घर्षणामुळे पुढचं टोक मागे राहतं आणि मधल्या भागात पीळ साठतो. कॅमेऱ्यात कोन बरोबर दिसतो, तुम्ही फायबर पकडून ठेवता, इपॉक्सी ओव्हनमध्ये तापून पातळ होतं, घर्षण सुटतं आणि साठलेला पीळ उलगडतो. बाहेर काढल्यावर कोन अंशभर सरकलेला असतो. याला मी तीन गोष्टी करतो. फायबर फेरूलच्या शक्य तितक्या जवळ पकडतो. हव्या कोनाच्या थोडा पुढे नेऊन परत आणतो, म्हणजे पीळ निघून जातो. आणि ओव्हनआधी व ओव्हननंतर, दोन्ही वेळचा कोन वहीत लिहितो. वीस-पंचवीस फेरूलांनंतर हा फरक ठरावीक दिशेचा आहे की वाटेल तसा, हे स्पष्ट दिसतं. ठरावीक असेल तर पकडण्याचा जिग तपासा, वाटेल तसा असेल तर घर्षण.

कोन मोजताना संदर्भ फ्लॅंजच्या खाचेचा घ्या, कॅमेऱ्याच्या चौकटीचा नको. दोन्ही एकाच चित्रात मावत नाहीत, कारण खाच मिलिमीटरभर दूर आणि फायबर मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. म्हणून खाचेत बसणारी जीभ असलेला धारक करा. तो एकदा सरळ आणि एकदा १८० अंश उलटा बसवून त्याचा स्वतःचा दोष काढून टाका.

चित्रातून कोन काढताना एकाच कोअरवर विसंबू नका. कोअरचा मध्य ओळखताना ०.१ मायक्रॉनची चूक झाली, तर एका कोअरवरून कोन ०.२ अंशाने चुकतो. चारही कोअरचे मध्य घेऊन त्यांवर चौकोन बसवला की ही चूक निम्म्यावर येते.

५. टोक पॉलिश करणं

पॉलिशचा क्रम नेहमीचाच, जाड फिल्मपासून बारीककडे. मल्टिकोअरमध्ये तीन गोष्टी बदलतात.

पहिली, सगळ्या कोअरनी समोरच्या काचेला टेकायला हवं. टोक किंचित गोलसर असतं आणि स्प्रिंगच्या दाबाने मधला भाग चपटा होऊन टेकतो. वक्रता त्रिज्या १० मिलिमीटर आणि दाब १० न्यूटन धरून, दोन्ही बाजू फक्त झिरकोनियाच्या मानून हिशेब केला, तर टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७० मायक्रॉन येते. एका कोअरला हे भरपूर आहे. पण पॉलिशचं शिखर (गोलसर टोकाचा सगळ्यात उंच बिंदू) मध्यापासून ५० मायक्रॉन सरकलेलं असलं तरी साध्या कनेक्टरला चालतं. मल्टिकोअरमध्ये मात्र समोरच्याचंही त्याच बाजूला सरकलेलं असेल, तर पलीकडचा कोअर शिखरापासून ७८ मायक्रॉनवर राहतो, वर्तुळाबाहेर. तिथे हवेची फट राहते. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर ३.५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो.

वक्रता त्रिज्या २० मिलिमीटर केली की टेकलेलं वर्तुळ ८८ मायक्रॉनचं होतं. पण तितक्याच तिरप्या पॉलिशने शिखर दुप्पट सरकतं: ०.१ अंशाला १७ ऐवजी ३५ मायक्रॉन. म्हणून आधी पॉलिशिंगचा धारक सरळ करून घ्या, मग त्रिज्या वाढवा.

दुसरी गोष्ट ओरखड्यांची. सिंगल-मोडच्या नेहमीच्या तपासणीत सगळ्यात कडक नियम मध्यावरच्या २५ मायक्रॉन व्यासाच्या भागाला असतो. आपले कोअर तर ५७ मायक्रॉन व्यासाच्या वर्तुळावर आहेत, म्हणजे त्या भागाच्या पूर्ण बाहेर. तयार सॉफ्टवेअर कोअरवरचा ओरखडाही ‘पास’ म्हणतं. प्रत्येक कोअरभोवती स्वतंत्र कडक वर्तुळ आखून घ्या.

तिसरी: आठ अंशांचं तिरपं टोक हवं असेल, तर तिरपेपणाची दिशा आणि कोअरचा कोन दोन्ही एकाच कीशी बांधावे लागतात. पहिल्या डिझाइनसाठी सरळ टोकच घ्या.

६. मोजणी, आणि आकड्यांतून दोष ओळखणं

आधी फॅन-इन आणि फॅन-आउट थेट स्प्लाइस करून (काच वितळवून जोडून) प्रत्येक कोअरचा संदर्भ आकडा नोंदवा. एकाच कोअरचा संदर्भ चौघांना लावू नका, कारण फॅन-इनचे कोअर एकसारखे नसतात. मग मध्ये कापून कनेक्टरची जोडी घाला आणि फरक काढा. प्रत्येक कोअर, दोन्ही तरंगलांबी, लॉस आणि रिटर्न लॉस दोन्ही. बारीक फटीने लॉस फारसा वाढत नाही, पण रिटर्न लॉस लगेच खराब होतो.

क्रॉसटॉक (एका कोअरचा प्रकाश दुसऱ्यात जाणं) जास्त आला, तर कनेक्टरकडे बोट दाखवण्याआधी फॅन-इन, फॅन-आउट आणि फायबरची वळणं तपासा. ४० मायक्रॉन दूरच्या शेजाऱ्यापर्यंत प्रकाश पोहोचायला एखाद्या मायक्रॉनचं सरकणं पुरत नाही.

चार आकडे शेजारी-शेजारी मांडले की दोष स्वतःहून दिसायला लागतो. चारही सारखेच वाढलेले असतील, तर बाजूला सरकणं, फिरणं किंवा कोअर-अंतरातला फरक यांपैकी काहीतरी एकटं आहे. सात कोअरच्या फायबरमध्ये मधला कोअर लगेच निवाडा करतो: तोही वाढला असेल तर सरकणं, तो चांगला आणि बाहेरचे सहा सारखे वाईट असतील, तर फिरणं किंवा कोअर-अंतर. दोष मिसळलेले असले की चित्र वेगळं होतं. माझ्या एका जोडीत ०.०, ०.२, ०.२, ०.४ असे आकडे आले होते. कर्णाच्या एका टोकाचा कोअर अगदी निर्दोष, समोरच्या टोकाचा सगळ्यात वाईट. हे ०.७ मायक्रॉन सरकणं आणि तेवढंच फिरणं यांचं मिश्रण होतं: एका कोअरवर दोन्ही एकमेकांना खोडून काढत होते, समोरच्यावर दोन्हींची बेरीज होत होती. यातलं फक्त फिरणं सुधारलं आणि चारही कोअर ०.१ वर आले.

एकाच जोडीवर समाधान मानू नका. जेवढे प्लग बनवाल तेवढे सगळे एकमेकांशी जोडून पाहा, आणि प्रत्येक जोडी निदान पाच वेळा काढून लावा. जोडी बदलल्यावर आकडा बदलत असेल, तर दोष फायबर बसवण्यात आहे. तीच जोडी पुन्हा लावल्यावर बदलत असेल, तर पायरी ३ कडे परत जा.

७. एका फेरूलमध्ये अनेक फायबर

एमटी या, एकाच तुकड्यात अनेक फायबर धरणाऱ्या फेरूलमध्ये ०.७ मिलिमीटरच्या दोन पिना एकमेकींपासून ४.६ मिलिमीटरवर असतात. इतक्या लांब अंतरामुळे पिनेजवळची १ मायक्रॉनची सैल जागा फेरूलला अंशाच्या शंभराव्या भागाएवढंच फिरू देते. पायरी ३ ची चिंता इथे जवळजवळ उरत नाही.

पण फेरूल बारा फायबरचं असेल तर पायरी ४ इथे बारा वेळा करावी लागते. प्रत्येक फायबर आपल्या छिद्रात स्वतंत्र फिरवून, सगळे एकाच वेळी धरून ठेवून, एकाच वेळी चिकटवावे लागतात. ओव्हनमध्ये एक जरी फिरला तरी पूर्ण फेरूल वाया जातं. त्यामुळे एका फायबरच्या कनेक्टरमध्ये ओव्हनआधी आणि ओव्हननंतरच्या कोनातला फरक सलग अर्ध्या अंशाच्या आत येईपर्यंत एमटीची फेरूलं मागवू नका.